कोरडा बर्फ उडून गेला, आता तरी बोलायचं का?

पिपेटवाली

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज राहवत नाही म्हणून लिहिते.

मी सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका प्रयोगशाळेत रेण्वीय जीवशास्त्रात काम करते. गेल्या आठवड्यात आमच्याकडे थर्माकोलचा एक खोका आला. त्यात कोरड्या बर्फात ठेवलेलं एन्झाइम होतं. कोरडा बर्फ वितळून पाणी होत नाही, सरळ वायू होऊन उडून जातो. त्यामुळे खोका उघडला तेव्हा आत ओल नव्हती, बर्फ नव्हता, थंडावाही नव्हता. तळाशी कोमट थर्माकोलवर अंगठ्याएवढ्या दोन नळ्या पडल्या होत्या. विमानतळाच्या कार्गोत खोका सहा दिवस अडकला होता, कारण अंतिम वापराच्या (म्हणजे माल संशोधनासाठीच वापरू अशा) हमीपत्रावर ज्यांची सही लागते ते साहेब रजेवर होते. माझी विद्यार्थिनी दोन्ही नळ्या हातात धरून म्हणाली, "मॅडम, एकदा लावून बघू या?" लावून बघितलं. काहीही आलं नाही. त्या प्रयोगासाठी तिने चार महिने पेशी वाढवल्या होत्या.

या हमीपत्राचा इतिहास बहुतेकांना आठवत असेल. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचं आयात शुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्क्यांवर गेलं. देशभरातले शास्त्रज्ञ उघडपणे बोलले, लिहिलं, वर्तमानपत्रांत आलं. १ ऑगस्टला संशोधनासाठी ते पुन्हा १० टक्के झालं, हमीपत्राच्या अटीवर. म्हणजे नऊ दिवसांत.

आता दुसरी गोष्ट. सार्वजनिक संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के जीएसटी लागायचा. १८ जुलै २०२२ पासून ती सवलत गेली आणि बहुतेक उपकरणांना १८ टक्के लागू झाला. ५० लाखांच्या यंत्रावर पूर्वी अडीच लाख कर होता, आता नऊ लाख. साडेसहा लाखांचा फरक. ज्युनियर फेलोची, म्हणजे पीएच.डी. करणाऱ्या नव्या संशोधकाची, महिन्याची ३७,००० ची फेलोशिप धरली तर एका मुलाचे साडेसतरा महिने झाले. तेव्हा आम्ही कॅन्टीनमध्ये हळहळलो आणि गप्प बसलो. ती सवलत काही परत आली नाही.

म्हणून विचारते. सरकारी पगार घेणाऱ्या शास्त्रज्ञाने अशा नियमांविरुद्ध जाहीर बोलावं का? बोलायचं तर कोणी, आणि कसं?

जुना जोगी

ताई, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण तुमचा खोका वाचून पोटात गोळा आला. तो अनुभव मी दोनदा घेतलाय.

आमच्या पिढीची पद्धत अशी की बोलायचं ते दिल्लीत, बंद दाराआड, आणि मोठ्या माणसाने. भाभांनी ओळखलं होतं की सरकारी खरेदीच्या चाकोरीत विज्ञान होत नाही. १९५८ च्या ठरावाने अणुऊर्जा आयोगाला स्वतंत्र आर्थिक अधिकार मिळाले ते त्यामुळेच. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांनी पुणे जिल्ह्यात खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना उभ्या केल्या त्या दोरखंड ताणून त्यावर जाळी बसवण्याची स्वस्त युक्ती काढून. पण प्रत्येक संस्थेत भाभा नसतो. ज्याच्यामागे वजनदार माणूस नाही त्याने बंद दाराआडून बोलायचं तरी कुणाशी? म्हणून या वयात मी मत बदललंय. उघड बोला.

लेखापाल_नाशिक

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. एका संशोधन संस्थेच्या लेखा विभागात एकवीस वर्षं काढली. सगळे तुटून पडायच्या आधी माझं ऐका.

पैसा लोकांचा आहे. ३१ मार्च जवळ आला की काय चालतं ते मी पाहिलंय. वर्षभर पडून असलेली ग्रँट शेवटच्या तीन दिवसांत संपवायची म्हणून नको असलेली यंत्रं घेतलेली पाहिली आहेत, आणि ती खोक्यातच जुनी झालेलीही. यूसी, म्हणजे पैसे कुठे वापरले त्याचं प्रमाणपत्र, दोन-दोन वर्षं येत नाही. मागायला गेलं की "आम्ही संशोधन करायचं की कागद भरायचे?" हे ऐकायचं. त्या यूसीचा १२-ए फॉर्म दोन पानांचा असतो हो.

तो १५० टक्क्यांचा आकडाही वेडेपणातून आला नव्हता. शुद्ध अल्कोहोलवर १५० टक्के शुल्क आहे, आणि ते 'प्रयोगशाळेचं रसायन' या नावाखाली १० टक्क्यांत आत येत होतं. ती वाट बुजवायची होती.

खग्रास

रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! अल्कोहोल आणणारे दुसरेच, आणि दंड बसला कॅन्सरवर काम करणाऱ्यांना.

रेवती_ज

लेखापालकाका, यूसीचं तुमचं म्हणणं मान्य. पण एल-१ चं, म्हणजे सगळ्यात कमी दरवाल्याकडूनच घ्यायच्या नियमाचं, काय?

आम्ही जेमवरून (सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून) सेंट्रिफ्यूजच्या नळ्या घेतल्या. बिडमध्ये सगळं लिहिलं होतं: मटेरियल, क्षमता, किती वेग सहन व्हायला हवा. सगळ्यात कमी दर देणाऱ्याने सगळीकडे 'होय' भरलं, त्यामुळे एल-१ तोच. नळ्या आल्या. दिसायला झक्क. पहिल्याच दिवशी १२,००० आरपीएमला मशीनमधून 'टक्' असा आवाज आला, मग खडखडाट, मग जळका वास. रोटर बाहेर काढला तर सहापैकी दोन नळ्या उभ्या चिरलेल्या, आणि तीन आठवड्यांचं प्रथिन रोटरच्या भोकांत चिकटलेलं. रोटरचा तोल गेला तो गेलाच. नळ्यांत वाचले साडेचार हजार आणि रोटरला लागले अडीच लाख. ऑडिटच्या कागदावर मात्र ती खरेदी आदर्श आहे.

मूळ प्रश्नाबद्दल: ९ ऑगस्ट २०१७ ला देशभर विज्ञानासाठी मोर्चे निघाले, तेव्हा मी मुंबईच्या मोर्चात होते. मागणी होती जीडीपीच्या ३ टक्के विज्ञानाला आणि १० टक्के शिक्षणाला. आम्ही जेमतेम काहीशे लोक असू. पाऊस, छत्र्या, फलकांवरची शाई ओघळलेली. माझे गाइड आले नाहीत, पण आदल्या संध्याकाळी प्रयोगशाळेत येऊन म्हणाले, "उद्या तुला सुट्टी हवी असेल ना? घे." त्यांना तेवढंच शक्य होतं.

मुकुंदा

रेवतीताईंच्या ऑडिटवरून आठवलं. आमच्याकडे द्रवरूप नायट्रोजन दर आठवड्याला येतो. एकदा ऑडिटला आलेले गृहस्थ स्टॉक रजिस्टर घेऊन बसले. "सोमवारी ५० लिटर आवक. शुक्रवारी शिल्लक ११. वापर नोंद २०. उरलेले १९ लिटर कुठे गेले?"

म्हटलं, "साहेब, उडून गेले."

"कोणी नेले?"

"कोणी नाही. हवेत गेले. हवेतूनच आले होते."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. शेवटी त्यांना डेवरजवळ (नायट्रोजनच्या टाकीजवळ) नेलं, झाकण काढून वाफ दाखवली, गुलाबाचं फूल बुडवून टेबलावर आपटून फोडून दाखवलं. गृहस्थ लहान मुलासारखे हरखले. शेरा लिहिला: 'नैसर्गिक घट मान्य.' पुढच्या वर्षी मुलीला घेऊन आले.

सांगायचं एवढंच की दाखवलं तर लोकांना समजतं. आपण दाखवतच नाही.

प्रश्नचिन्ह

मुकुंदा, किस्सा फर्मास. पण मी थोडा विरोधी सूर लावतो.

भारत संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो हे सगळेच सांगतात. त्यात खाजगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्केच आहे, हे कोणी सांगत नाही. दक्षिण कोरियात किंवा अमेरिकेत मोठा भार उद्योग उचलतात. मग सगळा राग सरकारी नियमांवर का? नव्या एएनआरएफचे (राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचे) पाच वर्षांत ५०,००० कोटी म्हणतात, त्यातला मोठा हिस्सा सरकारबाहेरूनच यायचाय. उद्योगांना का विचारत नाही, की तुम्ही का देत नाही?

निनाद_सोलापूर

प्रश्नचिन्हदादा, उद्योगांना जरूर विचारा. पण ज्या प्रकल्पावर मी आहे त्याचा पैसा सरकारकडून मंजूर झालेला आहे आणि सात महिने मला मिळालेला नाही. सॅन्क्शन ऑर्डर आहे, अकाउंटमध्ये खर्चाची लिमिट नाही. आधी खातं बदललं, मग मॅपिंग (नवं खातं प्रकल्पाला जोडणं), मग ३१ मार्चला न वापरलेली लिमिट लॅप्स, मग नव्या वर्षाची वाट.

सात महिने म्हणजे काय ते सांगतो. पहिले दोन महिने साठवलेले संपतात. तिसऱ्या महिन्यात मेसवाल्या काकू काही बोलत नाहीत, पण वाढताना नजर देत नाहीत. पाचव्या महिन्यात वडिलांचा फोन येतो, "पैसे पाठवू का?" वडील यंत्रमागावर काम करतात. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांच्याकडून पैसे घेतले. घेतले त्या रात्री प्रयोगशाळेतच झोपलो, खोलीवर जावंसं वाटलं नाही.

बोलायचं का? हो, बोलायचं. फेलोशिप २०१४ मध्ये १६ हजारांची २५ झाली, २०१९ मध्ये ३१, २०२३ मध्ये ३७. २०१९ च्या वाढीआधी संशोधक विद्यार्थी रस्त्यावर बसले होते, कुणी आपणहून हातात ठेवली नव्हती. आमच्या बाजूने बोलणारे प्राध्यापक तेव्हा बोटांवर मोजण्याइतके होते, ते मात्र कायम लक्षात राहतील.

जुना जोगी

निनाद, बाळा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. बघ.

शंतनू_बॉल्टिमोर

इथल्या गोष्टी सांगतो, तुलना म्हणून. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, जाहीर केलं की संस्थांना मिळणारा अप्रत्यक्ष खर्च सरसकट १५ टक्क्यांवर आणणार. आपल्याकडे ज्याला ओव्हरहेड म्हणतात तो हा. वीज, प्राण्यांची देखभाल, कचऱ्याची विल्हेवाट, सगळं त्यातून चालतं. अनेक विद्यापीठांना त्याच्या तिपटीहून जास्त मिळत होतं. राज्यं आणि विद्यापीठं कोर्टात गेली आणि अंमलबजावणी थांबली. ७ मार्चला ठिकठिकाणी मोर्चे निघाले. आम्ही चौघं मराठी पोस्टडॉक होतो, व्हिसाची भीती प्रत्येकाला. दोघं गेले, मी गेलो नाही. ते मला अजून खातं.

सगळ्यात धीर दिला तो जूनमधल्या बेथेस्डा जाहीरनाम्याने. एनआयएचच्याच कर्मचाऱ्यांनी आपल्या संचालकांना उघड पत्र लिहिलं, कित्येकांनी नावासकट. आतले लोक बोलले की वजन वेगळं पडतं, कारण फाइल कुठे अडते हे त्यांनाच माहीत असतं.

वकीलकाकू

शंतनूचं वाचून इथल्या कुणी उद्याच नावासकट पत्र लिहू नये, म्हणून घाईने लिहिते.

केंद्रीय नागरी सेवा आचरण नियम, १९६४. नियम ९ प्रमाणे सरकारी नोकराला सरकारच्या धोरणावर किंवा कृतीवर जाहीर प्रतिकूल टीका करता येत नाही. बऱ्याच स्वायत्त संस्थांनी हेच नियम आपल्या उपविधींत घेतले आहेत. तुमची संस्था त्यात आहे का, हे आधी बघा. विद्यापीठांतल्या प्राध्यापकांची स्थिती वेगळी असते, त्यांच्या परिनियमांवर अवलंबून.

पण वाटा आहेत. वैज्ञानिक स्वरूपाच्या लेखनाला या नियमांत सवलत आहे. 'शुल्क वाढवणं चूक आहे' ही टीका झाली. 'शीतसाखळी तुटल्यावर या एन्झाइमची क्रियाशीलता किती उरते' हे विज्ञान झालं. दुसरं, विज्ञान अकादम्या आहेत, त्यांचे कित्येक सदस्य निवृत्त आहेत, त्यांनी बोलावं. तिसरं, माहिती अधिकार. खरेदीला सरासरी किती दिवस लागतात हे कुणीही नागरिक विचारू शकतो. चौथं, खासदार. संसदेत विज्ञान-तंत्रज्ञानाची स्थायी समिती आहे, तिला लेखी निवेदन देता येतं. जुना जोगी, तुम्हाला तर आता कोणताच नियम ९ आडवा येत नाही.

जुना जोगी

वकीलकाकू, कागद-पेन काढलं आहे.

हिंगोलीकर

थोडं अवांतर, पण राहवत नाही. आमच्या औंढा नागनाथला लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होणार. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६, अंतिम मंजुरी एप्रिल २०२३, खर्च २,६०० कोटी. सात वर्षं! २०१६ मध्ये मी आठवीच्या वर्गात गुरुत्वीय लहरी शिकवल्या होत्या, ओढणी ताणून त्यावर गोटी सोडून. पोरं म्हणाली, "सर, आपण तिथे काम करू." ती पोरं आता इंजिनिअरिंग संपवून पुण्यात गेली. त्यातली एक अजून दर दिवाळीला विचारते, "सर, आपलं यंत्र कुठवर आलं?"

शास्त्रज्ञ आमच्या शाळेत आले, भाषणं दिली, फार चांगली माणसं. पण उशीर का होतोय हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आम्ही गावकरी आमदाराच्या दारात बसलो असतो. लोकांना बरोबर घ्या.

प्रश्नचिन्ह

हिंगोलीकर सर, हे पटलं. उद्योगांबद्दलचं माझं मत कायम आहे, पण निनादचे सात महिने आणि औंढ्याची सात वर्षं यांना उद्योग जबाबदार नाहीत, हे कबूल.

प्रा_माणदेश

सगळे केंद्राच्या संस्थांबद्दल बोलताय. मी राज्य विद्यापीठाशी संलग्न ग्रामीण कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. आमच्याकडे प्रकल्प म्हणजे दोन-तीन लाखांचा. १८ टक्के गेले की काय उरतं? काचसामान. इथून सगळ्यात जवळचा डिस्ट्रिब्युटर दीडशे किलोमीटरवर, आणि त्याला सरकारी ऑर्डर नको असते, कारण बिल आठ महिन्यांनी निघतं. आमचा आवाज अकादमीपर्यंत पोचत नाही. तुम्ही बोलाल तेव्हा आमचंही एक वाक्य घाला.

लेखापाल_नाशिक

दोन दिवस सगळं वाचत होतो. रेवतीताई, तुमच्या रोटरसारखा रोटर मी एकदा 'दुरुस्तीयोग्य नाही' म्हणून निर्लेखित केलाय. त्यामागे काय असतं ते आज कळलं. निनाद, तुझ्यासारख्यांच्या फायली माझ्या टेबलावर होत्या. उशीर माझा नव्हता म्हणायची सोय आहे, पण एक फोन करून "कुठे अडलंय" एवढं तरी मी सांगू शकलो असतो. ते केलं नाही.

आता कामाचं. नियम बदलतात, मी बदलताना पाहिलेत. जून २०२५ मध्ये वित्त मंत्रालयाने संशोधन संस्थांसाठी सूट दिली. वैज्ञानिक उपकरणं आणि साहित्य जेमबाहेरून घ्यायचा अधिकार संचालक आणि कुलगुरूंना मिळाला. कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखाची २ लाख झाली, खरेदी समितीची १० लाखांची २५ लाख. २०२० पासून २०० कोटींच्या आतल्या जागतिक निविदेला वरची खास मंजुरी लागायची, तीही संचालकांच्या पातळीवर आली. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने संशोधन अनुदानांवरचा कर काढला, तो आयआयटी दिल्लीला आलेल्या १२० कोटींच्या नोटिशीवरून गदारोळ झाल्यावर. पण माणदेश सर म्हणतात ते खरं, राज्य विद्यापीठांना जूनची सूट आपोआप लागू नाही. आणि केंद्राच्या संस्थांतही कित्येक ठिकाणी खरेदी विभाग अजून जुनीच पद्धत चालवतो, कारण ऑडिटची भीती.

आमच्या खात्यात हळहळीची नोंद करता येत नाही, तारखांची येते. 'त्रास होतो' लिहिलंत तर फाइल बंद. 'इंडेंट (मागणीपत्र) अमुक तारखेला, पीओ (खरेदीचा आदेश) अमुक तारखेला, माल अमुक तारखेला, वाया गेलेली रक्कम इतकी' असं लिहिलंत तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. अशा पन्नास ओळी जमवा. संस्थेचं नाव नको, माणसाचं नाव नको. तक्ता मी करून देतो, कोणत्या नियमाखाली कुठे अडलं तेही लिहितो. जोगीसाहेबांनी स्थायी समितीला आणि अकादम्यांना पाठवावा.

मुकुंदा

काका, तुम्हाला गुलाबाचं फूल. न फोडलेलं.

खग्रास

+१. खगोलवाल्यांच्या चार ओळी माझ्याकडून.

पिपेटवाली

लेखापालकाका, तुमचं वाचून मी काल रात्री गेल्या तीन वर्षांच्या फायली काढल्या. माझ्या अकरा ऑर्डर बाहेरून आल्या. इंडेंटपासून माल हातात येईपर्यंत सगळ्यात लवकर आलेली ७४ दिवसांत, सगळ्यात उशिरा २१३. तीन वेळा माल खराब होऊन आला. हे मी आजवर एकत्र लिहून पाहिलंच नव्हतं. दर वेळी चरफडले आणि पुढची ऑर्डर टाकली.

विद्यार्थिनीला तक्ता दाखवला. तिने पेन्सिलीने शेवटी एक रकाना वाढवला: 'कोणाचे किती महिने गेले'. तो ठेवायचा ना काका?

जूनच्या त्या सवलतीबद्दल आमच्या खरेदी विभागाला विचारलं, "अजून आमच्याकडे परिपत्रक आलं नाही" असं उत्तर मिळालं. तुमच्याकडे प्रत असेल तर द्या, मी उद्या स्वतः नेऊन देते. रजेवरच्या साहेबांऐवजी दुसऱ्या कुणाला सहीचा अधिकार द्यावा, असा अर्जही संचालकांकडे टाकलाय. त्याला नियम ९ लागत नाही, वकीलकाकूंना विचारून घेतलंय.

लेखापाल_नाशिक

रकाना ठेवायचाच. परिपत्रकाची प्रत व्यनिने पाठवली.

निनाद_सोलापूर

माझी ओळ लिहून घ्या काका. सॅन्क्शन १२ ऑगस्ट. पहिला पगार: अजून नाही. शेवटच्या रकान्यात ७, आणि पुढच्या सोमवारी ८ करा.